आपोआप वाढणाऱ्या पत्त्यांचे नियमन : अहमदनगर जिल्ह्यातील जमीन-क्रमांक आणि संकेतस्थळांचे पत्ते

१

नोंद ठेवणारी कोणतीही व्यवस्था आपल्या विषयास पत्ता देते. गावच्या शेतास सर्व्हे नंबर असतो, शहरातील मिळकतीस सिटी सर्व्हे नंबर असतो, ग्रंथालयातील पुस्तकास वर्गांक असतो आणि संकेतस्थळावरील पानास यूआरएल असतो. हे पत्ते दोन मार्गांनी जन्मास येतात. काही पत्ते कोणीतरी विचारपूर्वक दिलेले असतात. उरलेले पत्ते कोणी मागितलेले नसतात; एकदा ठरविलेला नियम चालत राहतो आणि त्या नियमातून ते निपजतात. या दुसऱ्या वर्गातील पत्त्यांमुळे वस्तू एक आणि पत्ते अनेक अशी स्थिती होते. कधी याच्या उलट घडते : वस्तू नाहीशी होते आणि पत्ता तेवढा मागे उरतो.

वर्डप्रेससारख्या आशय-व्यवस्थापन प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळाच्या व्यवस्थापकास हा प्रश्न रोज भेडसावतो. त्याने एक सूचना प्रसिद्ध केली की तिच्या मूळ पानाखेरीज ती महिन्याच्या पानावर, वर्गाच्या पानावर, प्रत्येक टॅगच्या पानावर आणि लेखकाच्या पानावर अवतरते. तिला जोडलेल्या छायाचित्रासही स्वतंत्र पान मिळू शकते. यांपैकी बहुतेक पाने कोणास नको असतात. तथापि शोधयंत्रे ती वेचून नेतात आणि वाचक मूळ मजकुराऐवजी रिकाम्या किंवा पुनरुक्त पानावर जाऊन पोहोचतो. अशा पत्त्यांची निपज थांबवावी, ते झाकून ठेवावेत, मूळ पत्त्याकडे वळवावेत, की ते संपले असे जाहीर करावे, असा हा प्रश्न आहे.

प्रश्नाचे साधन नवे असले तरी त्याचे स्वरूप नवे नाही. अहमदनगर जिल्ह्याच्या जमीन-दप्तराने दीडशे वर्षांहून अधिक काळ याच प्रश्नाशी झुंज दिली आहे. सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्राचा आणि १४ तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. उत्तरेस प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांचा बागायती पट्टा आणि दक्षिणेस पर्जन्यछायेतील अवर्षणग्रस्त पठार अशी त्याची विभागणी आहे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. त्यापूर्वीच्या घटनांच्या संदर्भात येथे अहमदनगर हेच नाव वापरले आहे. प्रस्तुत निबंधात जमिनीच्या क्रमांकांचा इतिहास प्रथम पाहून, त्याच्या प्रकाशात संकेतस्थळांच्या पत्त्यांचा विचार केला आहे.

२

मराठा अमदानीत गावच्या जमिनीचा पत्ता हा मुख्यतः थळाचा पत्ता असे. गावचे काळीचे क्षेत्र थळांत वाटलेले असून प्रत्येक थळास त्याच्या मिरासदार कुळाचे आडनाव असे. म्हणूनच मिरासदारास थळकरी म्हणत. थळनिहाय जमिनीची यादी म्हणजे थळझाडा. इंग्रजी अमलाच्या आरंभीच्या दशकांत दख्खनच्या भूधारणेचा अभ्यास करणाऱ्या साइक्स याच्या ध्यानात आले की, पुष्कळ थळांस ज्या कुळांची नावे आहेत त्या कुळांचा गावात कोणी वंशजच उरलेला नाही. अशा जमिनीस गतकूळ असे म्हणत. कूळ गेले, पण थळाचे नाव राहिले, आणि जमीन दुसऱ्याच्या वहिवाटीस लागल्यानंतरही ती त्याच नावाने ओळखली जाई.

आधुनिक परिभाषेत बोलावयाचे तर गतकूळ थळ म्हणजे धनी हरवलेला पत्ताच होय. परंतु त्या काळी तो दोष मानला गेला नाही, याचे कारण स्पष्ट आहे. पत्ता आणि वस्तू यांतील दुवा पाटलाच्या स्मरणात आणि कुलकर्ण्याच्या दप्तरात जिवंत होता. अमुक थळ सांप्रत कोणाच्या वहिवाटीस आहे हे गावात विचारले की कळे. पत्ता जुना असणे आणि पत्ता निरुपयोगी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुवा टिकला तर जुना पत्ताही आपले काम करतो.

१८१८ साली इंग्रजांचा अंमल सुरू झाला आणि हेन्री पॉटिंजर हा अहमदनगरचा कलेक्टर झाला. नव्या सत्तेस गावातील कोणासही न विचारता, कागद पाहून परक्या माणसास सापडेल असा पत्ता हवा होता. प्रिंगल याची १८३० च्या सुमाराची पुणे जिल्ह्यातील पाहणी फसली. पुढे १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीने काम आरंभिले आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीस निश्चित रूप दिले. हीच पद्धत पुढे अहमदनगरसह सर्व दख्खनमध्ये लागू झाली.

या पद्धतीचा पाया सर्व्हे नंबर हा होय. बैलांच्या एका जोडीने कसता येईल एवढे क्षेत्र हा नंबराच्या आकाराचा सर्वसाधारण निकष होता. गावातील शेतांस ओळीने क्रमांक दिले गेले. बांध, दगड व उरोळ्या यांनी हद्दी कायम केल्या. मोजणीची मापे टिपण बुकात आणि क्षेत्र व आकार आकारबंदात नोंदले गेले. आकार सर्वसाधारणपणे ३० वर्षांसाठी स्थिर राही. येथे पत्त्याचा आधारच बदलला. थळाचा पत्ता कुळास बांधलेला होता, सर्व्हे नंबराचा पत्ता भूमीस बांधला गेला. माणसे येतील व जातील, नंबर मात्र जागेवर राहील, असा या व्यवस्थेचा विश्वास होता.

हा विश्वास टिकविण्यासाठी नंबर सहसा फोडावयाचा नाही असे धोरण ठेवण्यात आले. घरात वाटणी झाली तरी सरकारदप्तरी नंबर एकच राही आणि त्याच्या साऱ्याची जबाबदारी खातेदार म्हणून नोंदलेल्या व्यक्तीवर असे. अनावश्यक पत्ते जन्मासच येऊ द्यावयाचे नाहीत, हा नियमनाचा पहिला मार्ग होय. त्याचा परिणाम मात्र अपेक्षेप्रमाणे झाला नाही. वाटण्या थांबल्या नाहीत. फक्त त्या दप्तरात येईनाशा झाल्या. भाऊ वेगळे होत, बांधावर निवडुंगाची ओळ लागे, एखादा तुकडा सावकाराकडे गहाण पडे, आणि दप्तरात मात्र आजोबांचे नाव अबाधित राही. शेत आणि कागद यांत अंतर पडत गेले.

हे अंतर निरुपद्रवी नव्हते. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. अहमदनगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत हे तालुके त्यांत सापडले. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून जाळणे हा त्यांचा हेतू असल्याचे तत्कालीन चौकशीत दिसून आले. यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यांचे दस्त गावच्या निबंधकापुढे नोंदविण्याची तरतूद केली, ही गोष्ट लक्षणीय आहे. कागद नाहीसा केल्याने व्यवहार नाहीसा होत नाही आणि नोंद नसल्याने वस्तुस्थिती बदलत नाही. तेव्हा नोंद अधिक विश्वसनीय करणे हाच उपाय राज्यकर्त्यांना सुचला.

३

खातेदार आणि प्रत्यक्ष धारक यांतील तफावत दूर करण्यासाठी १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा झाला आणि १९१३ साली त्याच्या तरतुदी १८७९ च्या जमीन महसूल संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. यापुढे वारसा, वाटणी, खरेदी, गहाण यांपैकी काहीही घडले की फेरफार नोंद व्हावयाची, हितसंबंधितांस नोटीस द्यावयाची आणि वरिष्ठ अंमलदाराने नोंद प्रमाणित करावयाची, असा क्रम सुरू झाला. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांच्या जोडीतून सातबारा उतारा सिद्ध झाला.

ज्या दिवशी प्रत्यक्ष धारकास दप्तरात स्थान मिळाले, त्या दिवशी पत्त्यांची वाढ अटळ झाली. पोटहिश्शांची मोजणी होऊ लागली. १२ या नंबराचे १२/१ व १२/२ झाले, १२/१ चे १२/१अ व १२/१ब झाले. हिश्शांच्या मापांसाठी गुणाकार बुक, आकाराच्या विभागणीसाठी आकारफोड पत्रक, क्षेत्रातील बदलासाठी कमी-जास्त पत्रक अशी नव्या कागदांची मालिका उभी राहिली. यातील एकही हिस्सा तलाठ्याने आपल्या मर्जीने निर्माण केलेला नव्हता. वारसाहक्काचा नियम आणि नोंदीचा नियम एकत्र चालले की हिस्से पडणारच. एका नंबरास चार मुलगे, त्यांस प्रत्येकी चार, आणि त्यांसही प्रत्येकी चार, असे धरले तर तिसऱ्या पिढीत एकाचे ६४ होतात. यास कोणाचा हेतू लागत नाही.

हॅरॉल्ड मान याने पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ साली दाखविले की, तेथील सरासरी धारणा १७७१ साली ४० एकर होती ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. हे गाव शेजारच्या जिल्ह्यातील असले तरी त्याचा निष्कर्ष दख्खनच्या सर्वच जिल्ह्यांच्या चर्चेत आधारभूत मानला गेला. अहमदनगर जिल्ह्यात या वाढीस पाण्याचीही जोड मिळाली. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण, प्रवरेचे कालवे आणि १९५० पासूनची लोणी येथील सहकारी साखर कारखानदारी यांमुळे उत्तर भागात उसाची जमीन मोलाची झाली. कोरडवाहू माळावर जो हिस्सा मोजून घेण्याचे कोणी मनावर घेतले नसते, तो बागायतात गुंठ्यागुंठ्याने मोजून मागितला जाणे स्वाभाविक होते.

येथे दप्तराने एक अत्यंत शहाणपणाची रीत पाळली. फेरफाराने ज्याचा हक्क संपला त्याचे नाव सातबाऱ्यावरून खोडून नाहीसे केले जात नसे. त्यास कंस केला जाई आणि कोणत्या फेरफाराने कंस झाला तो क्रमांक लिहिला जाई. त्यामुळे उतारा वाचणारास दोन गोष्टी एकदम कळत : हे नाव आता चालू नाही, आणि ते का चालू नाही याचा शोध कोठे घ्यावयाचा. संपलेली नोंद दिसेनाशी न करता ती संपल्याची खूण करणे, हा नियमनाचा दुसरा मार्ग होय.

४

वाढत्या तुकड्यांवर उपाय काय, याविषयी १९१० नंतरच्या दोन दशकांत मुंबई इलाख्यात मोठा वाद झाला. शेतकी खात्याचे अधिकारी आणि अनेक अर्थशास्त्रज्ञ कायद्याने तुकडेबंदी व एकत्रीकरण करावे या मताचे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील लहान धारणांविषयीच्या प्रबंधात या मतास मूलगामी आक्षेप घेतला. धारणा लहान होण्याचे खरे कारण वारसा कायद्यापेक्षा शेतीवर पडलेला अतिरिक्त लोकसंख्येचा भार हे असून, त्यावर औद्योगिकीकरण हाच उपाय आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात लहान धारणांविषयीचे विधेयक आले तेव्हाही त्यांनी त्यास विरोध केला. ते विधेयक पुढे मागे पडले.

या वादाचे महत्त्व शेतीपुरते मर्यादित नाही. तुकडे हे लक्षण आहे. ते निर्माण करणारी प्रेरणा तशीच ठेवून लक्षणावर बंदी घातली तर बंदी कागदावर राहते, हा आंबेडकरांच्या युक्तिवादाचा व्यापक अर्थ आहे. पुढील इतिहासाने त्याची सत्यता पुष्कळ अंशी पटविली. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याने स्थानिक क्षेत्रासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरविले, त्याहून लहान जमिनीची हक्कनोंदीत तुकडा म्हणून नोंद करण्याची तरतूद केली आणि नवे तुकडे पाडणारे व्यवहार निषिद्ध केले. तरीही असे व्यवहार होतच राहिले, आणि २०१७ साली राज्य शासनास दुरुस्ती करून अधिमूल्य भरल्यावर ते नियमित करण्याची वाट मोकळी करून द्यावी लागली.

याच कायद्याचा दुसरा भाग एकत्रीकरणाचा होता. विखुरलेले तुकडे जोडून खातेदारास शक्यतो सलग जमीन द्यावयाची आणि तीस नवा गट नंबर द्यावयाचा, अशी ती योजना होती. अहमदनगर जिल्ह्यातील ज्या गावांत ती अमलात आली तेथे सर्व्हे नंबर व हिस्से यांची जागा गट नंबरांनी घेतली. वाढलेल्या पत्त्यांचा संकोच करून त्यांस एका प्रमुख पत्त्याकडे वळविणे, हा नियमनाचा तिसरा मार्ग होय.

या मार्गाचे यश सर्वस्वी एका कागदावर अवलंबून असते. कोणता जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला, हे दाखविणारे पत्रक म्हणजे जुन्या व नव्या पत्त्यांमधील पूल होय. १९४० साली झालेल्या खरेदीखतात गट नंबर असू शकत नाही. त्यात सर्व्हे नंबर व हिस्साच असतो. त्या खताच्या आधारे हक्क सांगणाऱ्या वारसास जुन्या क्रमांकावरून नव्या क्रमांकाकडे नेणारी वाट सापडली नाही, तर खत खरे असूनही निरुपयोगी ठरते. क्षेत्र कमी लागणे, नाव गळणे, नकाशा व उतारा न जुळणे अशा चुका एकत्रीकरणात झाल्या. त्यांच्या दुरुस्तीसाठी कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली योजनेत बदल करण्याची मागणी होत राहिली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५५ व्या कलमात लेखनप्रमाद सुधारण्याची जी तरतूद आहे तीही अशा प्रकरणांत वारंवार पुढे येते. एका चुकीच्या वळवणीचा परिणाम दोन-तीन पिढ्या भोगतात. विशेषतः माहेरी हिस्सा मागणारी मुलगी, गाव सोडून गिरणीत गेलेला भाऊ, यांसारख्या गावात प्रत्यक्ष हजर नसलेल्या माणसांस दप्तराखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.

पत्ता अनाथ होण्याची क्रियाही थांबलेली नाही. मृत खातेदाराची नावे सातबाऱ्यावर वर्षानुवर्षे राहतात. ती काढून वारसांची नोंद करण्यासाठी २०२५ साली राज्यात जिवंत सातबारा मोहीम घेण्यात आली. २०२१ पासून केंद्र शासनाने भू-आधार या नावाने प्रत्येक भूखंडास १४ अंकाक्षरांचा, अक्षांश-रेखांशांवर आधारित क्रमांक देण्याचा उपक्रम सुरू केला. कुळावरून भूमीवर आलेला पत्ता अशा रीतीने थेट पृथ्वीच्या गोलावर स्थिरावू पाहत आहे.

५

संकेतस्थळांच्या पत्त्यांचा इतिहास यामानाने अल्प, परंतु वेगवान आहे. टिम बर्नर्स-ली याने १९८९ ते १९९१ या काळात जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत जागतिक जालाची कल्पना मांडून ती प्रत्यक्षात आणली. यूआरएलचे अधिकृत विवरण डिसेंबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. आरंभी एक पत्ता म्हणजे बहुधा एक संचिका असे. ती कोणीतरी हाताने लिहून ठेवलेली असल्याने पत्ते व पाने यांची संख्या सारखी राही. हा त्या जगाचा सर्व्हे नंबराचा काळ होता.

मजकूर माहिती-संग्रहात ठेवून मागणीप्रमाणे पान तयार करण्याची पद्धत आली तेव्हा हे समीकरण मोडले. २००३ साली मॅट मुलनवेग व माइक लिटल यांनी सुरू केलेल्या वर्डप्रेससारख्या प्रणालींनी ही पद्धत सामान्य माणसाच्या हाती दिली. आता पत्ता म्हणजे पान नव्हे, तर पान तयार करण्याची मागणी होय. आणि मागण्या जितक्या प्रकारे करता येतील तितके पत्ते संभवतात. समजा, एखाद्या जिल्हा संकेतस्थळावर सूचनांची यादी १४ तालुके, १० वर्षे आणि ५ विषय यांनुसार गाळून पाहण्याची सोय केली. प्रत्येक कसोटी न लावण्याचाही पर्याय धरला तर १५ गुणिले ११ गुणिले ६, म्हणजे ९९० याद्या होतात. मराठी व इंग्रजी अशा दोन भाषा धरल्या तर १,९८०. मूळ सूचना मात्र २०० असल्या तरी हे पत्ते तेवढेच राहतात, आणि त्यांतील बहुसंख्य याद्या रिकाम्या किंवा पुनरुक्त असतात. पोटहिश्शांची वाढ पिढ्यांनी होत असे. ही वाढ क्षणात होते.

नियमनाची साधनेही हळूहळू घडत गेली. १९९४ साली मार्टिन कॉस्टर याने रोबॉट्स या सूचना-संचिकेची पद्धत सुचविली. शोधयंत्रांच्या क्रॉलरांनी कोठे येऊ नये हे तीत लिहिले जाते. ही पद्धत दीर्घकाळ केवळ संकेताने पाळली गेली आणि २०२२ साली तिचे अधिकृत प्रमाणक झाले. पत्ता कायमचा बदलल्यास ३०१ हा संकेत देऊन नव्या पत्त्याकडे वळवावे, पान सापडत नसल्यास ४०४ आणि ते हेतुपुरस्सर काढले असल्यास ४१० हा संकेत द्यावा, अशी परिभाषा रूढ झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी कॅनॉनिकल खुणेस मान्यता दिली. या खुणेने अनेक सारख्या पानांपैकी प्रमुख कोणते हे सांगता येते. त्याच वर्षाच्या अखेरीस वर्डप्रेसने ती आपल्या प्रणालीत घेतली. पान वाचकास खुले राहील, परंतु शोधयंत्राच्या सूचीत येणार नाही, यासाठी नोइंडेक्स ही सूचना आहे. आणि नोव्हेंबर २०२३ मधील वर्डप्रेसच्या ६.४ या आवृत्तीने नव्याने उभारलेल्या संकेतस्थळांवर जोडचित्रांची स्वतंत्र पाने तयार करणे मुळातच बंद ठेवले. वीस वर्षांनंतर का होईना, निपजच थांबविण्याचा हा निर्णय होता.

६

या दोन इतिहासांची तुलना केली असता नियमनाचे चार मार्ग स्पष्ट होतात. निपज थांबविणे, संपल्याची खूण करणे आणि प्रमुख पत्त्याकडे वळविणे हे तीन जमीन-दप्तरात आढळलेच. प्रवेशबंदी करून दृष्टीआड करणे हा चौथा. प्रत्येकाचे क्षेत्र भिन्न आहे, आणि एकाच्या जागी दुसरा वापरल्याने अपाय होतो.

पहिल्याचा विचार करता, निपज थांबविण्यापूर्वी ती ज्या गरजेतून होते ती गरज खरी आहे काय, हे पाहिले पाहिजे. लेखक एकच असलेल्या संकेतस्थळावर लेखकाचे पान कोणाच्याही कामाचे नसते. ते बंद करण्यात हानी नाही. परंतु तालुकावार यादी ही पाथर्डी किंवा अकोले येथील वाचकाची खरी गरज असू शकते. ती बंद केली तर, सर्व्हे नंबर फोडण्यास बंदी केल्यावर झाले तेच होईल : गरज दुसरी, अधिक अव्यवस्थित वाट काढील. खऱ्या गरजेसाठी मोजके पत्ते राखावेत आणि कसोट्यांच्या संयोगातून होणारे उरलेले पत्ते निर्माणच होऊ देऊ नयेत, हे उचित.

दृष्टीआड करण्याच्या मार्गाविषयी एक भ्रम सर्वत्र आढळतो. नको असलेल्या पानावर नोइंडेक्स ही सूचना लावून, शिवाय रोबॉट्स संचिकेत त्या पानास प्रवेशबंदीही केली जाते. दोन उपाय एकावर अधिक परिणामकारक, अशी त्यामागची समजूत असते. वस्तुतः प्रवेशबंदीमुळे क्रॉलर पानापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून पानावरची सूचना त्यास वाचता येत नाही. आणि इतरत्रच्या दुव्यांवरून ठाऊक झालेला तो पत्ता सूचीत तसाच राहू शकतो. दारावर नोटीस लावून वेशीवरूनच माणसास परत पाठविण्यासारखे हे आहे. फेरफाराची नोटीस बजावल्यावाचून नोंद पक्की होत नाही, हा जमीन-दप्तराचा नियम येथे आठवण्याजोगा आहे. क्रम असा असावा की प्रथम सूचना वाचू द्यावी, पत्ते सूचीतून गेल्याची खात्री करावी, आणि गरज असल्यास मगच दार लावावे.

वळवणीचा मार्ग एकत्रीकरणासारखाच आहे आणि त्यातील धोकाही तोच आहे. जुन्या सर्व पत्त्यांस सरसकट मुखपृष्ठाकडे वळविणे ही सोपी युक्ती वाटते. पण ती म्हणजे सर्व जुन्या सर्व्हे नंबरांपुढे केवळ गावाचे नाव लिहिण्यासारखे आहे. शोधणारा गावात येतो, शेतापर्यंत पोहोचत नाही. प्रत्येक जुन्या पत्त्यास त्याचाच उत्तराधिकारी मिळाला पाहिजे, आणि या जोड्यांचे पत्रक जपून ठेवले पाहिजे. ज्याचा उत्तराधिकारीच नाही, त्याच्या बाबतीत ४१० देऊन पान संपले असे स्पष्ट सांगणे अधिक प्रामाणिक. तो सातबाऱ्यावरील कंस होय.

या विवेचनाचे प्रत्यक्ष महत्त्व जिल्ह्याच्या नामांतराने वाढविले आहे. राष्ट्रीय सूचना केंद्राने शासकीय कार्यालयांसाठी एस३वास ही समान प्रणाली उभारली असून देशभरातील जिल्हा संकेतस्थळे तीवर चालतात. जिल्ह्याचे नाव बदलले की संकेतस्थळाचे नाव, संस्थांची नावे आणि त्यांबरोबर पत्त्यांची संपूर्ण शाखा बदलण्याचा प्रसंग येतो. २०२४ पूर्वीच्या शासन निर्णयांत, न्यायालयीन कागदांत, प्रबंधांच्या संदर्भसूचींत आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांत अहमदनगर या नावाचेच पत्ते छापले गेले आहेत. हे छापील पत्ते आता कोणास बदलता येणार नाहीत. ते चालू राहावेत की नाही, हे केवळ वळवणीच्या पत्रकावर ठरेल.

७

वरील इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. नियमातून निपजणारे पत्ते हा नोंद-व्यवस्थेतील अपघात नसून तिच्या यशाचाच एक परिणाम आहे. १९०३ पूर्वीचे दप्तर नीटनेटके होते, कारण ते अपुरे होते. वस्तुस्थिती दप्तरात येऊ लागली तेव्हा ते विस्कटले. म्हणून कमीत कमी पत्ते हे व्यवस्थेच्या गुणवत्तेचे माप होऊ शकत नाही. शोधणारास कोणत्याही जुन्या पत्त्यावरून मूळ वस्तूपर्यंत, किंवा ती वस्तू आता नाही या स्पष्ट उत्तरापर्यंत जाता येते काय, हेच खरे माप होय. या मापाने पाहता गतकूळ थळ हा चांगला पत्ता होता, आणि पत्रकावाचून दिलेला गट नंबर, तो कितीही सुटसुटीत असला तरी, वाईट पत्ता होता.

इतिहासाच्या अभ्यासकास यात आणखी एक कर्तव्य दिसेल. थळझाडे, टिपण बुके, फेरफार नोंदवह्या आणि एकत्रीकरणाची पत्रके यांस आज आपण साधन म्हणून पाहतो. परंतु ती लिहिणाऱ्यांनी साधन म्हणून लिहिली नव्हती. कोणता पत्ता कोठे गेला एवढेच त्यांना सांगावयाचे होते. एखाद्या कार्यालयातील संगणकावर असलेली वळवणीची यादी हाही त्याच जातीचा कागद आहे. संकेतस्थळाची पुनर्रचना होताना तो सर्वांत आधी टाकून दिला जातो, कारण त्याचे महत्त्व कोणास वाटत नाही. अहमदनगर जिल्ह्याच्या जुन्या दप्तराचा धडा असा की, पुढच्या पिढीचे दावे आणि पुढच्या पिढीचे संशोधन दोन्ही याच कागदावर उभे राहतात.